दोनशे बार

माझा डावा कान रोलिंग मिलनं नेला,
उजवा अर्धाच उरलाय.
नुजहतनं सिलिंडर टेबलावर ठेवलं, म्हणाली,
"मिस्त्री, फुसफुसू लागलंय,"
ते मी तिच्या ओठांवरून वाचलं,
अन् माझा खालचा ओठ जिभेनं ओला करून
व्हॉल्व्हच्या तोंडाशी नेला.

लागलं.
गार. केसाएवढं.
झोपलेल्या तान्ह्या लेकराचं नाक
गालाला लागावं, तसं.

रायफल क्लबची आहे. तीन पोरींत एक.
रात्री काटा दोनशेवर ठेवून जायचं,
सकाळी बघावं तर एकशे चाळीस.
साठ बार कुठं गेले रातोरात?
वाकळे सर म्हणाले, पोरी उगाच बार उडवतात.
पोरी म्हणाल्या, सर, आम्ही तर घरी झोपलेल्या.

ट्रकच्या टायरात आठ असतात, मी तिला सांगितलं.
आठ.
अन् ते फुटलं की ढाब्यावरचे पत्रे हलतात.
म्हणून आधी रिकामं करायचं,
मग पान्याला हात लावायचा.
उलटं करणारा एक जण मला माहीत होता.
त्याचं नाव मी दुकानात घेत नाही.

चावी पाव आटा फिरवली. अजून पाव.
मला काही ऐकू आलं नाही,
फक्त तिच्या ओढणीचं टोक उठलं
अन् बराच वेळ खाली बसेना.
बाहेर बेचाळीस डिग्री,
आणि पितळेवर दव धरलेलं.
ही हवा इथलीच, जालन्याची,
भट्ट्यांच्या मागून आलेली,
गाळून, सुकवून, कोंबून भरलेली.
सुटल्यावर कुणाकडं न बघता
दारातून निघून गेली.

आत रबराची कडी. तिच्यावर एकच चीर,
नखानंही लागेना, भिंगातून दिसली.
बैठकीलाही चरा पडलेला.
लेथ शेजारीच होतं, पितळेची सळई होती,
हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू.
चाळीस वर्षं कातकाम केलंय,
एवढीशी वस्तू डोळे मिटून काढली असती.
पण दाबाची वस्तू अंदाजानं कातायची नसते.
पुण्याहून कुरिअरनं नवा व्हॉल्व्ह आला,
डबीएवढा खोका, अन् किंमत
तिच्या वडलांच्या चार दिवसांच्या हजेरीएवढी.

सिलिंडरवरची तारीख वाचली. तीन वर्षं बाकी.
आटे पुसले.
ती तेलाची कुपी उचलायला गेली,
मी मनगट धरलं.
तेल नाही, पोरी. एवढ्या दाबाखाली तेल पेटतं.
सिलिकॉनचं ग्रीस, मोहरीएवढं, बोटानं.
मग क्लबवर नेऊन भरलं, हळू हळू,
ते तापलं, थांबलो, परत भरलं.
दोनशे.

पहाटे पाचला शटर हललेलं दिसलं.
नुजहत. पाठीवर बॅग, डोळ्यांत पाणी.
काटा एकशे नव्वदवर.

भरताना तापतं, म्हटलं, रात्रीतून निवतं.
तापलेल्या माणसाचा आवाज उतरतो ना, तसं.
"अन् गळतच असंल तर?"
तर दुपारपर्यंत अजून उतरंल.
"माझी बस पावणेसहाला आहे."

यावर माझ्याकडं काही नव्हतं.
ओठ ओला केला, लावला. काही नाही.
पण तंबाखूनं जाड झालेला ओठ,
त्याची साक्ष किती धरायची?
तू लाव कान, म्हटलं.

ती वाकली.
रायफलीच्या दस्त्यावर टेकवावा
तसा गाल सिलिंडरवर टेकवला
अन् श्वास धरला.
समोर दूधवाल्यानं किटल्या उतरवल्या,
एक कुत्रं तोंड वर करून भुंकत होतं,
मी हातानंच त्याला गप्प राहा म्हणालो.

मग ती उठली, बॅग उचलली,
जाता जाता काहीतरी बोलली,
माझ्या डाव्या बाजूनं.

दुपारी जेवताना दिसलं,
ती चिरलेली कडी
कधीपासून करंगळीत घातलेली होती.